आमच्याकडे तर चालतंय

चिऱ्याच्या घरात उन्हाळा कळत नाही, असं कोकणातले लोक अभिमानाने सांगतात. वाय-फायही कळत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. गुहागरला आम्ही उतरलो होतो त्या घराच्या भिंती चांगल्या हातभर जाडीच्या. राउटर पुढे ओटीवर, कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला टांगलेला. आमची खोली पार मागे, माडांकडे तोंड करून. ओटीवर रेंज भरपूर, माजघरात जेमतेम आणि आमच्या खोलीत फुली. ऑफिसात तर मी 'काम अजिबात अडणार नाही' असं छातीठोक सांगून आलो होतो.

म्हणून बॅगेतून ट्रॅव्हल राउटर काढला. मुठीत मावेल एवढा जीव. यजमानांचं वाय-फाय पकडायचं आणि तेच आपल्या नावाने खोलीत वाटायचं, एवढंच त्याचं काम. याला म्हणतात रिपीटर मोड. दोन मिनिटांत सेटअप, असं खोक्यावर छापलेलं होतं. शेजारी लॅपटॉप घेऊन हसणाऱ्या बाईचा फोटो. तिच्या मागे काच होती, चिरा नव्हता.

पहिली ठेच नावाला. यजमान काकांच्या पुतण्याने हौसेने वाय-फायचं नाव देवनागरीत ठेवलेलं: 'श्रीकृपा'. फोनला ते नीट वाचता येत होतं. माझ्या राउटरच्या पानावर मात्र त्याजागी टोपी घातलेले रोमन ए आणि मध्येमध्ये जपानी येनचं चिन्ह. वाय-फायच्या नावाला मिळतात 32 बाइट आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह खातं 3, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजून. म्हणजे सगळा संसार दहा चिन्हांत. 'श्रीकृपा' बसलं म्हणायचं. 'श्री लक्ष्मीनारायण प्रसाद' असतं तर पुतण्याला देवच बदलावा लागला असता.

ही येनवाली ओळ यादीत दोनदा होती, एक 5 गिगाहर्ट्झची, एक 2.4 ची. पहिली वेगवान पण भिंत दिसली की माघार घेणारी, दुसरी धिमी पण चिवट. मी चिवट निवडली. पासवर्ड काकांनी ओटीवरूनच ओरडून सांगितला. "एस कॅपिटल, बरं का! शेवटी ते वाटोळं ॲट!" त्या हाकेनंतर आळीत तो कोणाला ठाऊक नसेल असं वाटत नाही.

जोडलं. हिरवा दिवा लागला. 'कनेक्टेड.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'इंटरनेट नाही.'

तेवढ्यात काका स्वतःचा फोन घेऊन आले. त्यावर कोणीतरी फणस चिरत होतं, व्हिडिओ जराही अडखळत नव्हता. "आमच्याकडे तर चालतंय," ते म्हणाले. त्यांचा हेतू धीर देण्याचा असावा.

"अरे, मग तू ओटीवरच का नाही बसत मीटिंगला?" बायकोने विचारलं. प्रश्न इतका रास्त होता की मी उत्तर दिलं नाही.

मग पुण्याहून पुतण्या फोनवर आला. "रीसेट मारा, काका." त्यासाठी माझ्या राउटरच्या पोटाखालच्या भोकात काहीतरी टोकदार खुपसावं लागतं. काकूंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली आणि दिवा लुकलुकेपर्यंत सगळं घर श्वास रोखून उभं राहिलं. पुन्हा टोपीवाले ए, पुन्हा वाटोळं ॲट, पुन्हा हिरवा दिवा. इंटरनेट नाही.

दोष सापडला तो स्टेटसच्या पानावर, जिथे सहसा कोणी जात नाही. माझ्या राउटरचा पत्ता 192.168.1.1. काकांच्या राउटरचा पत्ताही 192.168.1.1. कित्येक राउटर कारखान्यातून हाच पत्ता घेऊन बाहेर पडतात. आता एका आळीत दोन घरांवर तीच पाटी असेल तर पोस्टमन काय करणार? लॅपटॉप म्हणायचा, हे बाहेर पाठव. माझा राउटर दाराचा पत्ता बघायचा, 'अरे, हा तर मीच!' म्हणायचा आणि टपाल घरातच ठेवून द्यायचा. रीसेटने तो मूळ पत्त्यावरच परत येत होता, म्हणजे पुतण्याचा उपाय रोगाला नव्याने पाट मांडून बसवत होता.

तिसरा आकडा बदलून 192.168.50.1 केला आणि सेव्ह दाबलं. पान गोठलं. बायकोने 'आता काय?' अशा नजरेने पाहिलं. पण ते गोठणारच होतं. ज्याच्याशी बोलत होतो तो घर बदलून गेला होता. नवा पत्ता टाकला, आत गेलो आणि नेट वाहायला लागलं. मीटिंग मिळाली, तीही शेवटच्या 'थँक यू एव्हरीवन'पुरती.

संध्याकाळी काका मागच्या पडवीत आले. हातात फोन, फणस मध्येच गोल गोल फिरत थांबलेला.

"इथे आमचं धड चालत नाही हो. तुमच्या त्या डबीचा पासवर्ड काय म्हणालात?"