घसरगुंडीचं तोंड

मागच्या मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी ज्येष्ठ नागरिक झालो. माझं वय 47 आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक बागेचं आणि शेजारच्या मैदानाचं नूतनीकरण होणार, म्हणून पालिकेनं नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. घंटागाडीवर ओला कचरा, सुका कचरा झालं की मधेच 'सूचना घेऊन सभागृहात यावे' असं वाजायचं. त्यामुळं सूचना ओली की सुकी, हे कुणालाच कळलं नाही आणि फारसं कुणी आलं नाही. मी गेलो. दारात टेबल, टेबलावर वही, वहीत नाव, प्रवर्ग आणि सही असे रकाने. लिहायला बसलेल्या पोरानं माझ्याकडं एकदा वरून खाली बघितलं.

"काका, युवक पस्तीसपर्यंतच आहे."

"मी कुठं युवक म्हणतोय? नुसतं नागरिक लिही."

"नुसतं नागरिक असा प्रवर्ग नाही, काका." त्यानं बोट फिरवून दाखवलं. लोकप्रतिनिधी, महिला, युवक, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, पत्रकार. छत्तीस ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट बाप्यानं बागेत जायचं काही कारणच नसतं, असा त्या वहीचा समज होता. पोरगा क्षणभर घुटमळला, माझ्या केसांकडं बघितलं आणि 'ज्ये. ना.' लिहून मोकळा झाला. केस पांढरे आहेत, कबूल. पंधरा वर्षं बोअरच्या पाण्यानं डोकं धुऊन बघा. ज्या पाण्यानं गिझरची कॉइल वर्षात पांढरीफट्ट होते, त्यानं माणसाचं डोकं काळं कसं राहील? कायद्यानं ज्येष्ठपण साठीला लागतं. एसटीचा कंडक्टर तर पासष्ट झाल्याशिवाय अर्धं तिकीट फाडत नाही आणि पंचाहत्तरीशिवाय फुकट बसू देत नाही. बायकोला मात्र 2023 पासून अर्धं तिकीट आहे. थोडक्यात, आमच्या घरात सवलत तिला आणि म्हातारपण मला.

सही केली. सहीवर सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, एक प्लेट मिळाली. शेंगदाणे बरे होते.

सभागृहात दक्षिणेच्या भिंतीवर एक भलामोठा फ्लेक्स लावला होता. (दक्षिणेच्या, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं. आता जन्मभर विसरणार नाही.) वरच्या बाजूला फोटो. आठ मोठे, सोळा छोटे. त्यांच्याखाली उरलेल्या जागेत बागेचा नकाशा. पुण्याहून आलेला सल्लागार लॅपटॉपवरून बाग कशी दिसणार ते दाखवत होता. हिरवीगार लॉन, रंगीत कारंजं, सेल्फी पॉइंट, ओपन जिम. चित्रातल्या बागेत भुऱ्या केसांची दोन लेकरं एका केसाळ कुत्र्यामागं धावत होती आणि कोट घातलेला एक माणूस मोबाइलवर बोलत चालला होता. मे महिन्यात आमच्याकडं कोट घातलेला माणूस म्हणजे फक्त नवरदेव, आणि त्याच्याही डोक्यावर कुणीतरी छत्री धरलेली असते. चित्रात सावली देणारं एक झाड नव्हतं. नारळाची होती. नारळाच्या सावलीला एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, तोही सरकत सरकत.

"काही सूचना?" सल्लागारानं विचारलं.

मी हात वर करणार, तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची करकरली आणि आप्पा उठले.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचं आणि नारळ उभा राहिला की "हाण बोअर" म्हणायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. त्यांनी दाखवलेल्या किती जागी पाणी लागलं आणि किती जागी फुफाटा, याचा हिशेब गावात कुणी ठेवत नाही. ज्यांनी ठेवला ते कर्जात आहेत. पाणी खोल गेल्यापासून आप्पांनी जोडीला वास्तू सुरू केली आहे.

"सायेब, ह्यात उत्तर कुणीकडं हाय?"

"वर, काका. हा बाण बघा."

"वर आभाळ असतंय."

सल्लागार हसला. ती त्याची चूक झाली. आप्पा सावकाश पुढं आले, धोतराचा सोगा खोचला, फ्लेक्सपाशी उभे राहिले आणि घसरगुंडीच्या चित्रावर बोट टेकवलं.

"हिथनं लेकरू चढलं. हितं बसलं. सुटलं. आता त्येचं तोंड कुणीकडं?"

सल्लागारानं बाण बघितला, घसरगुंडी बघितली. "साउथ-वेस्ट."

"मराठीत?"

"नैऋत्य," मी म्हणालो. मी कशाला बोललो कुणास ठाऊक. शिक्षकाची सवय.

"सर बरोबर बोलले!" आप्पा एकदम सभेकडं वळले. "नैऋत्य! निर्ऋतीची दिशा! राक्षसाची! गावचं लेकरू रोज संध्याकाळी राक्षसाच्या तोंडात घसरालंय, आन् तुमी त्येला नूतनीकरण म्हनालाव?"

सभागृहात शांतता पसरली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मांडीवरच्या नातवाला जवळ ओढलं.

सल्लागार म्हणाला, की जागेच्या उपलब्धतेनुसार आणि सर्क्युलेशननुसार ती दिशा ठरली आहे. आप्पा म्हणाले, सर्कुलेशन रक्ताचं असतंय. मग त्यांना शंका आली, की मुळात हा बाण खरा कशावरून. त्यांनी नातवाला मोबाइलमधलं होकायंत्र काढायला लावलं. लोखंडी खुर्च्यांच्या गर्दीत ते यंत्र गोल गोल फिरायला लागलं. "भरमसाठ दोष हाय हितं," आप्पा म्हणाले आणि सूर्य बघायला बाहेर गेले. त्यांच्यामागं अर्धी सभा बाहेर गेली. पालिकेचा इंजिनिअरही गेला, कारण बाहेर चहा आला होता.

पाच मिनिटांनी आप्पा परतले ते विजयी मुद्रेनं.

"आमी समदे बसलाव दक्षिणेकडं तोंड करून. म्हंजे खरी उत्तर आमच्या पाठीमागं. आन् ह्यो बाण दाखवालाय आमच्या म्होरं. म्हंजे नकाशा उलटा लागलाय. हितल्या हितं उलटा करा, मंग मी पुढचं सांगतो."

आता खरं सांगायचं तर यात चूक काही नव्हती. दक्षिणेच्या भिंतीवरचा नकाशा गावाशी जुळवून बघायचा असेल, तर तो उलटाच लावायला पाहिजे. दोन शिपाई स्टुलावर चढले. त्यांनी वरच्या दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स फिरवला आणि मग एका कार्यकर्त्याच्या लक्षात आलं. वरचे आठ मोठे आणि सोळा छोटे असे चोवीस मान्यवर आता वडाला लटकलेल्या वटवाघळांसारखे डोकं खाली करून हात जोडत होते.

"ए! ए! साहेबांना सरळ कर!"

"सायेबाला सरळ केलं की उत्तर उलटी व्हती," आप्पा शांतपणे म्हणाले.

एक जण म्हणाला, फ्लेक्स जमिनीवर पसरू. दुसरा म्हणाला, साहेबांच्या तोंडावर पाय पडला तर जबाबदार कोण? तिसऱ्यानं फोटो कापून वेगळे सरळ लावायची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्याकडं सगळ्यांनी असं बघितलं की तो चहा प्यायला निघून गेला. शिपाई तोवर दोऱ्या धरून स्टुलावर उभे. शेवटी इंजिनिअरनं घाम पुसला आणि तोडगा काढला. साहेब होते तसेच सरळ राहू द्या, आपण घसरगुंडी फिरवू. तिचं तोंड ईशान्येला. मंजूर?

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, आता माझा नंबर.

आणि इथं मला एक गोष्ट नाइलाजानं लिहावी लागतेय. आप्पांचं बरोबर होतं. जुन्या बागेतली पत्र्याची घसरगुंडी अशीच मावळतीकडं तोंड करून होती. एप्रिलमध्ये दुपारभर तापलेला तो पत्रा संध्याकाळी पाचलाही तव्यासारखा असायचा. माझी मुलगी चार वर्षांची असताना एकदा त्यावर बसली ती किंचाळतच खाली आली. मांडीवर फोड आले होते. घसरगुंडीची पाठ दुपारच्या उन्हाकडं पाहिजे, हे पुण्याच्या सल्लागाराला कळलं नव्हतं. ते राक्षसाच्या निमित्तानं का होईना, आप्पांनी करून घेतलं. मला याचाच जास्त राग येतो. माणूस पूर्ण चुकीचा असला की त्याच्यावर नीट हसता तरी येतं.

पण आप्पा खाली बसले नव्हते. "ईशान्येला काय दाखवलंय?"

"महिला स्वच्छतागृह."

"शिव शिव. देवाची दिशा ती. तितं संडास?"

एवढं बोलून त्यांनी खिशातून तंबाखू काढली. इंजिनिअरनं पेनानं नकाशावर फुली मारली. "ते आपण टप्पा दोनमध्ये घेऊ." बास. घसरगुंडीला पाऊण तास लागला होता, स्वच्छतागृहाला तंबाखूत चुना मिसळण्याइतका वेळ.

मी उठलो. मी म्हणालो, साहेब, माझ्या दोन मागण्या आहेत, दोन्हीला फारसा खर्च नाही. एक, बाग सकाळी दहाला उघडते आणि संध्याकाळी पाचला बंद होते. ही बँकेची वेळ आहे. दहा ते पाच मराठवाड्यात बागेत कोण बसतं? बागेचं कुलूप पहाटे पाचला काढा. दुसरं, ते स्वच्छतागृह. माझी बायको आणि तिच्या मैत्रिणी पहाटे हमरस्त्यावर फिरतात, कारण बागेला कुलूप असतं. साखर कारखाने सुरू झाले की त्याच रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, मागं लाल दिवा नसलेल्या. दुपार कलली की बायका लेकरांना घेऊन बागेत येतात आणि अर्ध्या तासात उठतात, कारण जायला जागा नाही. जुनं स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप आहे, कुलपाची किल्ली दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माळ्याकडं आहे. तुम्ही सोळा कोटींचं कारंजं करा की आठ कोटींचं, आधी ती किल्ली आणा.

माझा आवाज थोडा चढला होता. इंजिनिअर म्हणाला, "काका, तुम्ही बसून बोला." ज्येष्ठ नागरिकाला म्हणतात तसं.

मी बसलो. तेवढ्यात युवक प्रवर्गातला एक जण उठला. त्याला जलतरण तलाव पाहिजे होता. पंचवीस मीटरचा. मी मोबाइलवर गुणाकार केला. पंचवीस मीटर लांब, साडेबारा रुंद, दीड खोल म्हणजे साधारण पावणेपाच लाख लिटर. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिनं दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणलं होतं. त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. मी त्या पोराला हे सांगणार होतो. म्हणजे बघा, तुझ्या एका तलावाला एक आख्खी रेल्वे. पण पोराचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. एप्रिलमध्ये त्याला पोहायचं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याची सूचना मात्र 'विचाराधीन' म्हणून लिहून घेतली गेली.

घरी येऊन मी रागाच्या भरात संविधान काढलं. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे, अठरा कामं. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ती आली. उद्यानं, बागा, क्रीडांगणं बाराव्या क्रमांकावर आहेत. सार्वजनिक सोयी सतराव्यावर. म्हणजे दोन्ही पालिकेचीच कामं, कुठंही टप्पा दोन वगैरे म्हटलेलं नाही. बायकोला दाखवलं. तिनं यादीवरून बोट खाली नेलं आणि म्हणाली, "चौदाव्यावर स्मशानभूमी आहे. म्हणजे बागेपासून दोनच पायऱ्या. तुम्ही आता ज्येष्ठ झालात, जपून."

काल इतिवृत्ताची प्रत मिळाली. अनुक्रमांक 1 : घसरगुंडीची दिशा ईशान्य करणे, मान्य. अनुक्रमांक 2 : महिला स्वच्छतागृह टप्पा 2 मध्ये घेणे, मान्य. अनुक्रमांक 4 माझा होता. 'श्री. (ज्ये. ना.) यांनी सभेत उभे राहण्यास त्रास होत असल्याने बागेत ज्येष्ठांसाठी बाके वाढविण्याची मागणी केली. मान्य.'

तीन बाकं मंजूर झाली आहेत, पाठीला टेका असलेली. कुलुपाचा उल्लेख नाही. किल्लीचा नाही.

आज पहाटे साडेपाचला मुद्दाम बागेच्या फाटकापाशी गेलो. मोबाइलमध्ये कुलपाचा फोटो काढायचा आणि तक्रारीला जोडायचा, असा बेत होता. फ्लॅश टाकला आणि आतून आवाज आला.

"सर, कुलपाचं काय फोटू काढालाव? या की आत."

आप्पा. आतल्या जुन्या बाकावर मांडी घालून तंबाखू मळत बसलेले.

"आप्पा, तुम्ही आत कसे?"

"तिकडनं. ईशान्येला तारेला भगदाड हाय. रोज येतो मी. या, त्या कोपऱ्यातनं आत येनं लई शुभ असतंय."

मी भिंतीला वळसा घालून गेलो. भगदाड होतं. सदऱ्याची बाही तारेत अडकून कोपरापर्यंत फाटली.

आप्पांनी बाकावर सरकून जागा केली.