आजी, दार मी का लावलं ते सांगते

आजी, नमस्कार.

माझ्या लेखाखालच्या प्रतिक्रियेवर तुम्ही नाव न घालता ‘एक आजी’ एवढीच सही केली आहे, म्हणून आजीच म्हणते. उत्तराला नऊ दिवस लागले. पहिले दोन रागात गेले, पुढचे चार लेकाच्या तापात आणि उरलेले तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचण्यात. चार ओळींत उरकता आलं असतं, पण ते उलट उत्तर झालं असतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रात्री साडेनऊला, भांडी घासायची बाकी असताना, माझ्या सहा वर्षांच्या लेकानं जाहीर केलं की उद्या शाळेत कापसाचा ससा न्यायचाय. शाळेच्या डायरीत ते चार दिवसांपूर्वीच लिहिलेलं होतं आणि डायरी त्यानं गादीखाली लपवली होती, कारण त्याच पानावर बाईंचा दुसरा एक शेरा होता. नवरा अंबरनाथला कंपनीत, दुसऱ्या पाळीला. डोंबिवलीत त्या वेळी स्टेशनरीची दुकानं बंद. मी ओरडले, तो उलट ओरडला, आणि माझा हात वर गेला. वर गेलेला हात मला दिसला, हे मी लेखात लिहिलं होतं. मग मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि दहा मिनिटं बसून राहिले. तो बाहेर रडत होता.

त्यावर तुम्ही लिहिलंत: आम्ही चार मुलं वाढवली, ताण हा शब्दही माहीत नव्हता. तुम्हाला सहा महिने पगारी रजा, मिक्सर, वॉशिंग मशीन, तरी रडगाणं. रडत्या पोराला बाहेर ठेवून दार लावण्यापेक्षा एक धपाटा बरा, त्यात निदान माया असते. आणि शेवटी: हे सगळं जगाला सांगताना त्या पोराला विचारलं होतंस का? मोठा होऊन वाचेल तेव्हा काय?

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. नव्हतं विचारलं. लेखाबरोबर त्याचा झोपलेला फोटो होता, मुठीत कापूस धरलेला, तो काढून टाकला आहे. मजकुरातली एक गोष्टही काढली. ती कोणती हे इथे सांगत नाही, नाहीतर काढून उपयोग काय. पुढे त्याच्याबद्दल लिहायचं झालं तर जे मी त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आयांसमोर बोलेन तेवढंच लिहीन. माझ्याबद्दल मात्र लिहीन. ताण माझा आहे, तो माझ्या नावावर लिहायला मला कुणाची परवानगी लागू नये.

आता धपाट्याचं.

माझ्या वडिलांच्या डाव्या पोटरीवर बोटाएवढा डाग आहे. उलथन्याचा. ते सात-आठ वर्षांचे असताना त्यांनी लोण्याचं भांडं उपडं केलं आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या आजीनं हातात होतं तेच फेकून मारलं. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात, बारशात सांगितली जाते आणि सगळे हसतात. बाबा पँट वर करून डाग दाखवतात. मीही हसायचे. मुलगा झाल्यावर एकदा आजीशी एकटी बोलत होते, तेव्हा ती म्हणाली, “त्या दिवशी सकाळपासून तापात होते गं. सांगायचं कुणाला?” एवढंच. पुन्हा तिनं विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. आजी फार प्रेमळ बाई होती. त्यामुळेच मला वाटतं की ते मायेचं मारणं नव्हतं. अंगात ताप, चुलीवर पंधरा माणसांचा स्वयंपाक, आणि पुढ्यात उपडं झालेलं लोणी. ताण होताच. तो बाबांच्या पोटरीवर निघाला.

दार लावणं हे मला कुणी मोबाइलवर शिकवलेलं नाही. लेक दीड महिन्याचा असताना रोज संध्याकाळी सात ते दहा रडायचा. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी रडणं. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात वाढलेलं असतं आणि मग आपोआप उतरत जातं. पुढे म्हणाले, “तुमचा तोल जातोय असं वाटलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडण्यानं त्याला काही होणार नाही. रागानं गदगदा हलवलंत तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.” इतकं सरळ मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. डोहाळजेवणाला आलेल्या चाळीस बायकांपैकी एकीनंही नाही. तर कडी लावायची सवय तिथली. बाळ सुरक्षित असेल तर चिडलेल्या आईनं जवळ राहण्यापेक्षा थोडं लांब जाणं बरं, एवढाच त्यातला हिशोब.

सहा वर्षांच्या मुलाला मात्र दार लावताना सांगून जायला हवं होतं, हे मान्य. “आईला राग आलाय, दहा मिनिटांत बाहेर येते” एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही आणि त्याला वाटलं आई गेली. आता बोलते. परवा त्यानंच मला विचारलं, “तू दहा मिनिटवाली चिडलीयेस का?” म्हणजे त्याच्याकडे आता माझ्या रागाची प्रतवारी आहे.

रजा आणि मिक्सर. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, मला ती पूर्ण मिळाली आणि तुमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना त्याच्या निम्मीही मिळाली नाही, हे खरं. पण सव्वीस आठवडे संपतात तेव्हा मूल सहा महिन्यांचं असतं. जेमतेम वरणाचं पाणी सुरू झालेलं. त्याच कायद्यात पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असं लिहिलंय. आमच्या ऑफिसात विचारल्यावर ‘बघू’ म्हणाले, ते अजून बघतायत. वडिलांना खाजगी नोकरीत कायद्यानं एक दिवसाची रजा नाही. माझा नवरा तिसऱ्या दिवशी कामावर हजर होता, आणि रडून रडून डोळे सुजले होते ते त्याचे.

वॉशिंग मशीन कपडे धुतं, आजी. वाळत घालत नाही, घड्या घालत नाही, गणवेशाचं तुटलेलं बटण लावत नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८, असं निघालं. ही मिनिटं मिक्सर घरात येऊनसुद्धाची आहेत.

आता ते ‘चार मुलं वाढवली’. यात मी तुमच्याशी निम्मी सहमत आहे, आणि नुसती भावनेनं नाही. बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या संशोधकांनी इतर अनेकांना बरोबर घेऊन ४२ देशांतल्या सतरा हजारांवर आई-वडिलांचा अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मुलं वाढवताना पार पिळून निघण्याचं प्रमाण कुठे जास्त, तर श्रीमंत पाश्चात्त्य देशांत, जिथे ज्याचं त्यानं बघायचं अशी रीत आहे. मुलं किती आहेत यापेक्षा ही रीत जास्त महत्त्वाची ठरली. म्हणजे चार मुलांच्या आजीपेक्षा एका मुलाची आई जास्त थकू शकते, हे तुमचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. शेजारचं दार बंद, समोरचं बंद. ज्या रात्री मला कापूस हवा होता त्या रात्री समोरच्या घरात कापूस होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या देवघरात वातींसाठी ठेवलेला, पिशवीभर. बेल वाजवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. साडेनऊला कुणाकडे जायचं का!

पण पूर्वी मुलं सांभाळायला घरात जे ‘हात’ असायचे ते कुणाचे होते, ते आपण कधी मोजत नाही. माझ्या आजीच्या सहा मुलांपैकी चार माझ्या थोरल्या आत्याच्या कडेवर वाढली. आत्याची शाळा चौथीत सुटली. हुशार होती, पाढे अजून तोंडपाठ आहेत, पावकी-निमकीसकट. धाकटा काका झाला त्या वर्षी आजीनं तिला सांगितलं, आता घरी राहा. वयानं दहा वर्षांची. काका पुढे इंजिनियर झाले. आत्यानं त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं, रोज, आणि परत आली. सत्तरी ओलांडल्यावरही ती शाळेसमोरून जाताना पदर सारखा करते. त्या घरात आजीला ताण जाणवला नसेलही. तो आत्यानं उचलला होता. मला तसे हात नकोत. मला हवेत ते नवऱ्याचे, समोरच्या काकूंचे, आणि ऑफिसनं द्यायचं कबूल केलेल्या पाळणाघराचे.

त्यातले दोन मिळायला लागलेत. नवऱ्यानं पाळी बदलून मागितली, ती मिळाली नाही. पण शाळेची डायरी आता तो बघतो. रात्री साडेबाराला येऊन जेवताना. सकाळी फ्रिजवर चिठ्ठी असते: ‘गुरुवार – पिंपळाचं पान. मी आणतो.’ समोरच्या काकूंकडे लेक सोमवारी-बुधवारी तासभर बसतो, मी त्यांची बँकेची कामं मोबाइलवर करून देते. लोकल लेट झाली तर आता पाळणाघराच्या ताईंना फोन करताना माझा आवाज कापत नाही. बाकी सगळं तसंच आहे. काल भेंडीवरून पुन्हा ओरडले.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं ज्याला कुणीच उत्तर दिलं नाही. खाली तुमच्या बाजूनं आणि माझ्या बाजूनं मिळून तीसेक जण भांडले, पण त्या वाक्यावर कुणी थांबलं नाही. तुम्ही लिहिलं होतं, “चौथ्याच्या वेळी सहा महिने मी कुणाशी धड बोलले नव्हते, पण घरचं काही अडू दिलं नाही.”

हे मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. तुम्ही ते अभिमानानं लिहिलंत, आणि अभिमान वाटण्यासारखंच आहे. मी डॉक्टर नाही, आणि इतक्या वर्षांमागच्या दुखण्याला इथून नाव द्यायचा मला अधिकारही नाही. पण बाळंतपणानंतर काही बायकांना असं नैराश्य येतं, ते आळस किंवा नखरा नसतं आणि त्यावर उपचार आहेत, हे आज आपल्याला माहीत आहे. लेखाखाली दोघींनी लिहिलंय की सकाळी उठावंसं वाटत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही. त्या दोघींना: १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आजच लावा. घरच्यांना सांगून लावा किंवा न सांगता लावा.

आणि आजी, तुम्हाला एक विचारायचंय. वाद घालायला नाही. त्या सहा महिन्यांत त्या चौथ्याला कोण घ्यायचं? आणि तुम्ही बोलत नव्हतात, हे घरात कुणाच्या लक्षात आलं होतं का? इथे लिहायचं नसेल तर लेखाच्या वर ईमेलचा पत्ता आहे, त्यावर लिहा. ते मी कुठेही छापणार नाही.