जोर न मारता पास

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माझं पोट आत गेलं आणि डोक्यात हवा शिरली. जिमचा मालक एवढंच म्हणाला होता, "काका, एखादं सर्टिफिकेट आणा, सकाळची सहाची बॅच तुमची." पाठीवर 'ट्रेनर' छापलेला टीशर्ट मला तिथंच दिसायला लागला.

रात्री मोबाईलवर 'पर्सनल ट्रेनर सर्टिफिकेट' असं एकदा शोधलं. दुसऱ्या दिवशी दात घासतानाच पहिला फोन आला. पलीकडच्या ताई मला दोन दिवसांत 'मास्टर ट्रेनर' करणार होत्या. शनिवारी शरीरशास्त्र, रविवारी आहारशास्त्र, मधे जेवण, संध्याकाळी होलोग्रामवालं सर्टिफिकेट.

"आणि नापास झालो तर?"

"सर, आमच्याकडं तसं कुणी होत नाही."

ऑफर त्याच रात्री बारापर्यंत होती. तेव्हापासून ती रोज रात्री बाराला संपते आहे.

दुसरीकडं ट्रेनरची परीक्षा घेणाऱ्या संस्था: एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए. वाचताना बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर आठवला. सगळ्या अमेरिकन, फी डॉलरात. रुपयांत आकडा काढल्यावर बायको म्हणाली, "एवढ्यात म्हशीचा विसार झाला असता." देशी पर्यायही सापडला: स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लीझर स्किल्स कौन्सिल. हे नाव जो एका दमात म्हणेल, त्याला कार्डिओत तिथंच पास करायला हरकत नाही.

डोकं शिणलं की मी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो. समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यालं की निदान डॉलर विसरतात. तिथं आमच्या गल्लीतले वस्ताद भेटले. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही कान मोडलेले. त्यांना सगळं सांगितलं.

"परीक्षेला जोर किती मारायचे?"

"जोर नाहीत, वस्ताद. एसीईला १५० प्रश्न. दिलेल्या उत्तरांतलं एक निवडायचं."

"बैठका?"

"तीन तास खुर्चीवर. ती एकच बैठक."

वस्तादांनी ग्लास खाली ठेवला. "१९५२ ला खाशाबानं हेलसिंकीत ब्राँझ मारलं, ते काय खुणा करून व्हय रं?" मग मिशीवरचा फेस पुसून म्हणाले, "बरं, तुला पास करणार कोण?"

"ती संस्था."

"आणि त्या संस्थेला पास कुणी केलं?"

महिनाभर इंटरनेट धुंडाळून जे मला सुचलं नव्हतं, ते वस्तादांना अर्ध्या लिटरमागं सुचलं. घरी येऊन बघितलं, तर अशी संस्था खरंच आहे. नॅशनल कमिशन फॉर सर्टिफाइंग एजन्सीज, म्हणजे एनसीसीए. ती परीक्षार्थींची नाही, परीक्षांचीच परीक्षा घेते: प्रश्न कसे काढले, पास होण्याची रेघ कशावरून ठरवली. वरच्या चारही अमेरिकन संस्थांच्या ट्रेनर परीक्षांवर तिचा शिक्का आहे. मी लगेच ताईंना फोन लावला.

"तुमच्याकडं एनसीसीए आहे का?"

"सर, एनसीसी कंपल्सरी नाही."

मग मी एसीई धरली. तर त्या परीक्षेआधी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला जगवायचं तंत्र, शिकून यावं लागतं. रबरी पुतळ्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खाली दाबायची. दोन मिनिटांत माझी अशी धाप लागली, की आता पुतळाच उठून मला सीपीआर देतो असं वाटलं. खरं सांगायचं तर अख्ख्या प्रकरणात हाडामांसाला झळ लागली ती एवढीच, आणि सहाच्या बॅचला येणाऱ्या साठीच्या मंडळींना उपयोगी पडलीच तर तीच पडेल.

सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं, त्यासाठी २० तासांचा अभ्यास दाखवावा लागतो. हे मात्र वस्तादांना पटलं. "बरं हाय. तालमीचा हौदा सुटला की पैलवानाचं नुसतं पोट उरतंय."

आता ते संध्याकाळी माझा अभ्यास घ्यायला येतात. परवा पुस्तकातलं चित्र डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, "हे लॅटिसिमस डॉर्साय कुठं असतंय?"

मी पर्याय अ, पर्याय ब आठवत बसलो. तेवढ्यात माझ्या उजव्या बगलेखाली, पाठीच्या कडेला थाप बसली.

"हितं?"

हा प्रश्न आला तर डोळे मिटून उत्तर देईन. फक्त माऊस डाव्या हातानं धरावा लागेल.