‘डॉक्टरची गाडी, मीटर चाळीस हजार’: एका फॉरवर्डला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीचा, शाळेचा, सासरवाडीचा, आणि चौथ्या ग्रुपात मी का आहे ते मलाही आता आठवत नाही. मथळा ‘जुनी गाडी घेताय? हे वाचाच!’ आणि खाली एकामागोमाग फर्मानं. मीटर ५० हजारांच्या आतलंच हवं. गाडी एकहाती, शक्यतो डॉक्टरची. मुंबई पासिंगची घ्या, शेतकऱ्याची नको. १५ वर्षांनी सरकार गाडी भंगारात घालतं, म्हणून सात वर्षांपुढची बघू नका. डिझेल तर नकोच. जपानी कंपनी असेल तर डोळे झाकून घ्या. एसी लावून एक चक्कर मारली की गाडी कळते. कागदपत्रं नंतर होत राहतात.

मी गॅरेजवाला नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपला आयुष्य गेलं, एवढंच. पण नात्यात कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतात, चहा पाजतात आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करतात. त्या अनुभवावर लिहितोय.

आधी मीटर, कारण सगळा बाजार त्यावरच चालतो. डिजिटल मीटर मागे घेणं हे आज लॅपटॉप आणि एका केबलचं काम आहे. गेल्या वर्षी भाच्यासोबत पाथर्डी फाट्याला एक हॅचबॅक बघितली. २०१६ ची, मीटर ३८ हजार, रंग असा की त्यात तोंड बघावं. दार उघडून खाली वाकलो. क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं आणि शेजारी ब्रेकचं रबर नवंकोरं. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथे १२२१ होतं, म्हणजे २०२१ चा बारावा आठवडा. चारही टायरवर तेच. एवढ्या कमी पळालेल्या गाडीचे पहिले टायर पाच वर्षांत कुठे गेले, असं विचारलं.

“काका, डॉक्टरांची गाडी आहे. त्यांना टायर बदलायची हौस.”

भाच्याचा एक मित्र सर्व्हिस सेंटरला आहे. त्यानं गाडीची जुनी नोंद काढून बघितली तर २०२२ सालीच मीटर ७४ हजारांच्या पुढे. हौशी डॉक्टरांचा विषय तिथे संपला.

आता मीटर खरं आहे असं धरून चालू. तरीही नऊ वर्षांत २५ हजार पळालेली गाडी मला भुरळ घालत नाही. कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला मुलं सोडायची, आणायची, की उभी. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. त्यामुळे आत साचलेली ओल उडून जात नाही, ऑइल बिघडतं. होजपाइप, बेल्ट, बुश ही रबरं किलोमीटर मोजत नाहीत, ती वयानं कडक होतात आणि तडकतात. वर मालक म्हणणार, गाडी पळालीच नाही, मग ऑइल कशाला बदलू? याउलट दर आठवड्याला मुंबई-नाशिक करणारी, सव्वा लाख झालेली, पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलला लावलेली गाडी मी आधी बघेन. इंजिन सर्वांत जास्त झिजतं ते थंड असताना सुरू करण्यात. चार तास एका लयीत हायवेला पळण्यात त्याला फारसे कष्ट नसतात.

एकच गोष्ट बघायची मुभा असेल तर मी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी बघतो. आत स्वच्छ हिरवं किंवा गुलाबी पाणी असेल तर मालकानं थोडंफार लक्ष दिलंय. चहासारखं तांबूस असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय, इंजिन आतून गंजतंय आणि हेड गॅस्केटचा खर्च रांगेत उभा आहे.

‘मुंबईची घ्या, शेतकऱ्याची नको’ हे फर्मान वाचून निफाड-दिंडोरीकडची माणसं हसली असतील. मुंबईची गाडी थोडी स्वस्त मिळते, खरं आहे. पण समुद्राच्या दमट, खारट हवेत तिचा पत्रा खालून खातो. रोज दोन तास सिग्नलला रांगणाऱ्या गाडीचं मीटर कमी दिसतं आणि क्लच मात्र म्हातारा झालेला असतो. एमएच-०१ ते ०४ मधली गाडी आली तर ती रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय बोलणीच करू नका. शेतकऱ्याच्या गाडीची दुखणी वेगळी. मळ्यातल्या रस्त्यानं सस्पेन्शन खिळखिळं झालेलं असतं, पण लोअर आर्म आणि लिंक रॉड बदलणं हे गॅरेजचं रोजचं काम आहे. खरी मेख डिकीत. मॅट उचला, स्टेपनी काढा. पिंपळगावच्या एका गाडीत आम्हाला तिथे पोटॅशचे लालसर दाणे सापडले आणि त्याखाली नखानं सुटणारा पत्रा. खताची गोणी डिकीत फुटली की क्षार पत्र्यात मुरतो. डिकी कोरडी, स्वच्छ असेल तर शेतकऱ्याची गाडी बिनधास्त बघा.

पासिंगपेक्षा मला पाण्याची भीती जास्त वाटते, कारण तिथे मी स्वतः बुडालोय. २०२० च्या सुरुवातीला शहरातल्या एका डीलरकडून एक सेडान घेतली, एमएच-१० म्हणजे सांगली पासिंग. आदल्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, हे मला माहीत होतं. पेपरात फोटो बघितले होते. पण सीटकव्हर नवे, आत अत्तराचा घमघमाट, आणि किंमत अशी की डोकं चालेना. पहिल्या पावसात कुबट वास सुरू झाला, मग पॉवर विंडो, मग लाइटं दिवसा आपोआप लागायला लागली. द्वारकेच्या एका इलेक्ट्रिशियननं काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी कधी बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. डीलर म्हणाला, गाडी दाखवून विकली होती. हेही खरंच.

आपल्याकडेही गोदावरी २००८, २०१६, २०१९ ला घाट सोडून आत आली. पंचवटी, सराफ बाजाराकडच्या किती गाड्या भिजल्या ते त्यांच्या मालकांनाच ठाऊक. सीटबेल्ट ओढा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचला. डीलर तोंड वाकडं करेल, करू दे.

एकहाती गाडीबद्दल थोडक्यात. आरसीवर पहिला मालक कंपनी असेल आणि गाडी पाच ड्रायव्हरांनी हाणलेली असेल, तर हात किती धरायचे? आणि वडील गेल्यावर मुलाच्या नावावर झालेली गाडी कागदावर दुसऱ्या हाताची होते, घर तेच, पार्किंग तेच. अशा गाडीला लोक नाकं मुरडतात, त्यामुळे ती स्वस्तातही पडते.

१५ वर्षांची गोष्ट दिल्लीहून आली आणि आपल्या बोकांडी बसली. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल रस्त्यावर नको, हे हरित लवादाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश दिल्ली आणि आसपासच्या परिसरापुरते निघाले. नाशिकला तो नियम नाही. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की पेठ रोडला आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, तपासणीत पास झाली की पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली आणि २० वर्षांपुढच्या गाडीला आणखी जास्त आहे. खिशाला चटका आहे, पण म्हणून गाडी भंगारात जात नाही. २०१३ ची धडधाकट गाडी याच भीतीपोटी कुणी भाव पाडून विकत असेल तर घेणाऱ्याची चांदी आहे.

डिझेल नकोच, हे ज्या गावात सातपूरला बॉश डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनवते आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-बोलेरो बनवते, त्या गावात फिरावं ही गंमत आहे. इथे डिझेल जाणणारे हात चिक्कार आहेत. फक्त तुमचं रनिंग बघा. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला धुराड्यात काजळीचा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करायला लांब, सलग पळणं मागतो. रोज चार किलोमीटरचं काम असेल तर तो चोंदणार आणि बिल हजारांत येणार. रोज सिन्नर किंवा मालेगाव असेल तर डिझेलला नावं ठेवायचं कारण नाही.

जपानी-बिगरजपानी वादात मी पडत नाही. त्याऐवजी टायमिंगला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, चेन आहे की बेल्ट एवढं विचारा. बेल्ट असेल तर कधी बदलला त्याचं बिल मागा. चालू गाडीत तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग कंपनीचं नाव काही वाचवत नाही.

चक्कर मारून गाडी कळते, पण वेळ पाळून. मी सकाळी सातला जातो आणि आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर कुणीतरी मुद्दाम सुरू करून ठेवलीय, परत फिरायचं. थंडीतली सकाळ तर उत्तम. बॅटरी आणि थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून तापवणारे ग्लो प्लग तेव्हाच खरं बोलतात. मग शक्य असेल तर नांदुरीहून सप्तशृंगी गडावर. चढाला तापमानाचा काटा आणि क्लच कळतो. उतारावर गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, थोड्या वेळानं पुन्हा दाबायचा आणि आरशात बघायचं. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. गाडी विकणारा एवढ्या लांब येत नाही म्हणाला तर पेट्रोल तुम्ही भरा. आणि देवीचं दर्शनही होतं.

कागदपत्रांचं ‘नंतर’ मात्र धोक्याचं आहे, आणि विकणाऱ्याला जास्त. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्याकडूनच वसूल होते, गाडी कितीही हातांत फिरलेली असो. त्यामुळे गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ-घेऊ नका. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का ते सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर स्वतः बघा, ‘एनओसी येतेय’ यावर जाऊ नका. ई-चलनंही तपासा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, तेवढा फरक भरावा लागतो.

भाच्यानं शेवटी १ लाख १८ हजार झालेली घेतली, दुसऱ्या हाताची, एका द्राक्षबागायतदाराची, बिलांच्या फाइलसकट. पहिल्याच आठवड्यात कूलंट, ब्रेक ऑइल, बेल्ट आणि दोन लिंक रॉड मिळून १९ हजार घातले. परवा त्यानंच मला तो मेसेज पाठवला. ‘मामा, खरंय का हे?’

म्हणजे पाचवा ग्रुप.