पुन्हा तीच आधी मरते, पुन्हा तीच पछाडली जाते

परवा एक नवा भुताचा सिनेमा पाहिला आणि अजून डोकं तापलेलंच आहे. जाहिरातीत केवढा गाजावाजा, की आमच्या सिनेमात सगळ्या प्रकारची माणसं आहेत! सहा मित्रांत एक कृष्णवर्णीय मुलगी, एक आशियाई मुलगा, एक समलिंगी तरुण. पहिल्या अर्ध्या तासात तिघेही खलास. पोस्टरवर चेहरे झळकवायचे आणि पडद्यावर पहिला बळी त्यांचाच द्यायचा, ही शुद्ध फसवणूक आहे.

त्या कृष्णवर्णीय मुलीला बघताना तर माझं काळीज तुटलं. तिला आडनाव नाही, घर नाही, स्वतःची एकही भीती नाही. नायिकेची समजूत काढायची, एवढंच काम. तळघरातून आवाज आला की, “तुम्ही थांबा, मी बघून येते,” म्हणणारी तीच. किंकाळी, अंधार, संपली. पुढच्याच प्रसंगात उरलेले टेबलाभोवती बसून पळून जायचा बेत आखतात. तिचं नाव कुणाच्याही तोंडी नाही! मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. सिनेमा संपेपर्यंत एकदाही नाही.

आणि नायिका? ती जीव तोडून सांगतेय की घरात काहीतरी आहे. नवरा म्हणतो ताण आलाय, डॉक्टर गोळ्या लिहून देतो. शेजारचा पुरुष एकदाच म्हणतो, “मलाही पावलं ऐकू आली,” की लगेच सगळ्यांना पटतं! मग तिला पलंगाला बांधतात आणि नवरा, डॉक्टर, पाद्री दारात उभे राहून तिचं काय करायचं ते ठरवतात. तिला कुणी विचारत नाही. कॅमेरा मात्र तिच्या घामाने भिजलेल्या गाऊनवरून हलत नाही. हे भय नव्हे, ही निव्वळ किळस आहे.

हे आजचं नाही. 1973 च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भयपटात पछाडलेल्या मुलीच्या तोंडून बोलणाऱ्या सैतानाचा तो घोगरा आवाज मर्सिडीझ मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीने दिला, आणि सुरुवातीला श्रेयनामावलीत तिचं नावच नव्हतं. भांडून मिळवावं लागलं तिला ते!

वर ऐकवतात की प्रेक्षकांना हेच लागतं. साफ खोटं. 1968 साली दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला नायक केलं. सगळ्यांत शहाणा, सगळ्यांत धीराचा माणूस तोच, आणि शेवटी त्याला चालतं प्रेत समजून माणसंच गोळी घालतात. तो शेवट आजही झोप उडवतो. 2017 चा दिग्दर्शक जॉर्डन पीलचा ‘गेट आउट’ हा भयपट सुमारे 45 लाख डॉलरमध्ये बनला आणि जगभरात 25 कोटी डॉलरच्या वर कमावून गेला. का? कारण भीती त्यातल्या कृष्णवर्णीय तरुणाला वाटणारी होती, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली. तो दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत मरायला आणलेला नव्हता.

माणूस जिवंत वाटला तरच त्याच्या मरणाची भीती वाटते ना? एवढं साधं कळत नाही भयपट लिहिणाऱ्यांना?

पुढच्या वेळी त्या मुलीला तळघरात धाडायचंच असेल तर आधी तिला एक आडनाव द्या. वाट बघणारं कुणीतरी द्या. आणि ती गेल्यावर त्या टेबलाभोवती एकाला तरी रडू द्या.