मत द्यायला एकच दिवस का?

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या वावरात तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. शेजारच्या गावातून रोज बारा-पंधरा बाया ऑटोनं येतात. पैसे किलोवर, वेचलं तेवढं मिळतं. सकाळीच मी म्हटलं, आज राहू द्या, आधी मत टाका. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू कमरेला फडकं बांधता बांधता म्हणाल्या, "भाऊ, मत तं टाकाच लागते. पण आजची मजुरी बुडली तं मले कोन देते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तीनला वजन केलं. ऑटोवाला दुसऱ्या भाड्यावर गेला होता, तो यायला पाच वाजले. दोन फेऱ्या कराव्या लागल्या. दुसऱ्या फेरीतल्या दोघी सहाच्या आत केंद्रावर पोचल्याच नाहीत, त्यात काकू होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात टक्केवारी आली की शहरातले लोक लिहितात, खेड्यातल्या लोकांना लोकशाहीची किंमत नाही. मला याचा फार राग येतो.

माझा चुलतभाऊ चाकणला कंपनीत आहे. दिवाळीला येऊन गेला, पण उमेदवारांच्या माघारीची मुदतच ४ नोव्हेंबरला संपली, त्यामुळे तेव्हा मतदान शक्य नव्हतं हे मान्य. मग बुधवारच्या एका मतासाठी त्याने दोन रात्री ट्रॅव्हल्समध्ये काढायच्या आणि वर गुरुवारचा खाडा सोसायचा? भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, पण ती एका दिवसाची. चाकणहून यवतमाळ जिल्ह्यात येऊन परत जाणं त्या एका दिवसात बसत नाही. आधीच्या शनिवार-रविवारी तिथेच मत देता आलं असतं तर त्याने नक्की दिलं असतं.

हे काही जगावेगळं मागणं नाही. दक्षिण कोरियात मुख्य मतदानाच्या आधी दोन दिवस देशातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तर लोक टपालानेच मत देतात. आणि आपल्याकडेही आधी मतदान होतंच की! माझी बायको शिक्षिका आहे, निवडणुकीची ड्युटी लागली की तिचं मत टपाली मतपत्रिकेवर आधीच पडतं. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोलीत दोन वृद्धांच्या मतासाठी पथक १०७ किलोमीटर गेलं होतं. मला त्या पथकाचा अभिमान वाटतो. सोय करायची ठरवली की होते.

जादा दिवस दिले तर मतं सुरक्षित राहणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. नागपूर, रामटेक, चंद्रपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर इथलं लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि मोजणी ४ जूनला. म्हणजे ४६ दिवस यंत्रं स्ट्राँग रूममध्ये पहाऱ्यात होती. ४६ दिवस मतं सांभाळता येतात, तर आणखी चार दिवस का नाही?

दुसरी शंका मात्र खरी आहे. दिवस वाढले की पैसे वाटणाऱ्यांचेही दिवस वाढतील. आमच्याकडे शेवटच्या दोन रात्री काय चालतं ते मी पाहतो. म्हणून माझं म्हणणं, आधीचं मतदान गावात नको. तहसीलच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी, पोलिस आणि सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी समोर असताना व्हावं. बाया बाजाराला जातातच.

बाहेरगावच्या मजुरांसाठी ७२ मतदारसंघांचं मतदान घेऊ शकणारं यंत्र दाखवायला निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं होतं. विरोधी पक्षांना ते पटलं नाही. त्यांच्या शंका मी हलक्यात घेत नाही. पण यंत्र नको असेल तर टपाली मतपत्रिका द्या, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या माणसाला काहीतरी द्या.

आता आत्याबद्दल. लोकसभेच्या वेळी ती ८२ वर्षांची होती, खुब्याचं हाड मोडलेलं, खाटेवरच. घरून मतदानाची वयोमर्यादा आधी ८० होती, त्याच निवडणुकीआधी ती ८५ केली. दिव्यांगांची सोय आहे, पण त्याला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, ते हिच्याकडे कुठून असणार? मतदानाच्या दिवशी तिने सकाळीच वेणी घालून घेतली, नवं लुगडं नेसवून घेतलं. भावाने आणि मी उचलून गाडीत बसवायचा प्रयत्न केला. ती ओरडली तेव्हा परत खाटेवर ठेवलं. दिवसभर ती दाराकडे तोंड करून पडून होती, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बोटाची शाई पाहत.

२०२९ ला आत्या ८७ ची होईल, तेव्हा नियमात बसेल. तिला तोवर थांबायला लावणं मला मान्य नाही. वयोमर्यादा परत ८० करा, आणि आधीच्या मतदानाचे दोन दिवस द्या.