आठ पायांचा शरभ हवा असणाऱ्या वाचकांस

नमस्कार. मी विणलेल्या शरभाच्या, म्हणजे पुराणातल्या सिंहासारख्या पंखवाल्या प्राण्याच्या, फोटोंखाली ‘जाणकार’ या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांनी वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की पुराणातल्या शरभाला आठ पाय आहेत आणि याला चारच. पंख पडलेत. पोटाखाली शिवण दिसते. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं : “सुयांवर खेळणी विणणं हा रिकामपणाचा उद्योग, क्रोशावर दुपारभरात झालं असतं.”

पंखांचं मान्य. उजवा पंख फोटोत पडलेला आहे.

आता रिकामपणाचं. आमची आई कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात लोकांचे स्वेटर विणून द्यायची. आम्हा भावंडांची शाळेची फी त्यातून गेली. बाह्यांचे टाके घालून द्यायचं काम माझ्याकडे असायचं, अभ्यास सांभाळून. तेव्हा सुया हातात कशासाठी येतात हे मला तुमच्याकडून कळायला नको. आमच्या पेठेत लोक तोंडावर बोलतात, नाही असं नाही, पण आधी चहा तरी विचारतात. तुम्ही खरं नावही लिहिलं नाहीत.

आणि ‘दुपारभरात’! क्रोशा मलाही येतो हो. त्याची वीण घट्ट बसते, एक टाका तुटला म्हणून अख्खी ओळ उसवत जात नाही, म्हणून जपानी अमिगुरुमी, म्हणजे विणलेली छोटी खेळणी, बहुतेक क्रोशावरच होतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण शरभाला मान आहे. ती वळवायची तर मी ओळ पूर्ण विणत नाही, मधूनच परत फिरते. एका बाजूला ओळी जास्त पडतात, दुसरीकडे कमी, आणि मान कमी ओळींच्या बाजूला आपसूक वाकते. क्रोशावरही हे जमतं, पण टाका जाड असल्याने वळणावर पायऱ्या दिसतात. मला त्या नको होत्या. शेपूट दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर, चार टाक्यांची. काम उलटायचंच नाही, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे आणि लोकर मागून ओढून घ्यायची, की गोल दोरी तयार होते.

त्याआधी चित्र. सुलट विणीचा टाका रुंद जास्त, उंच कमी. चौकटीच्या कागदावर ऐटीत उभा काढलेला सिंह विणल्यावर म्हशीसारखा बसका होतो. म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणायचा, टाके-ओळी मोजायच्या आणि चित्र उंचीला ताणून घ्यायचं. लोकरीच्या लेबलवर ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमीच्या सुया लिहिल्या होत्या. मी ११ नंबरच्या, ३ मिमीच्या घेतल्या, नाहीतर आतलं फायबर टाक्यांतून डोकावतं. कापूस भरला असता तर पहिल्याच धुण्यात गोळे झाले असते. डोळे मण्यांचे नाहीत, दोऱ्याने भरलेत, कारण नात दोन वर्षांची आहे आणि सगळं तोंडात घालते. पंजाखालचा हत्ती खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या गजपट्टावरून, म्हणजे पायाशी कोरलेल्या हत्तींच्या रांगेवरून, घेतलाय, तिथे बसून चित्र काढून. त्या हत्तीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. दिसला तरी का?

एवढं सगळं दुपारभरात करणारे असतील, मी नाही.

शिवण पोटाखाली दिसते, कारण ती पोटाखालीच घालतात. राहिले पाय. पोथ्यांत आठ आहेत, मला माहीत आहे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्ती पंजात धरलेला शरभ पाथरवटांनी चार पायांवरच उभा केलाय. त्यांनाही कळवा.

तरी आठच हवे असतील तर घ्या : एका पायाला २४ टाके, ११ नंबरच्या सुया, सुरुवात तळव्यापासून, गुडघ्याशी ओळी अर्ध्यातून परत. चार मी केलेत, उरलेले चार तुम्ही करा. क्रोशावर केलेत तरी चालेल. तपकिरी लोकर माझ्याकडे उरली आहे, महाद्वार रोडपर्यंतसुद्धा जायला नको. फक्त मागताना नाव खरं सांगा.